अमेरिकेतले अश्मयुगातले क्लोव्हिस लोक भाल्याच्या दगडी टोकाला बुडाशी पन्हळ, म्हणजे लांब उथळ खाच, का काढायचे? आणि धातू नसताना ती काढायचे कशी?

आधी कशी ते सांगतो, कारण मी काचेच्या बाटलीचं जाड बूड घेऊन ट्राय केलंय (चष्मा आणि हाताखाली चामडं हवंच, कपच्या ब्लेडसारख्या उडतात). मला वाटायचं धार जेवढी पातळ तेवढी कपची सहज निघेल, पण पातळ धारेवर मारलं की नुसता चुरा होतो. म्हणून धार आधी खरबरीत दगडावर घासून चक्क बोथट करायची, मग फटका मारायचा, आणि कपची सुटते ती खालच्या बाजूने, वरून आपल्याला काहीच दिसत नाही. चर्ट, जॅस्पर, ऑब्सिडियन हे दगड काचेसारखेच फुटतात, आपल्या बेसॉल्टमधल्या गारगोट्यापण तशाच.

अमेरिकेत साधारण 13,000 वर्षांपूर्वी हे लोक दगडाने आणि शिंगाच्या हातोडीने दोन्ही बाजूंनी पातं पातळ करत आणायचे आणि पन्हळ काढायची वेळ यायची पार शेवटाकडे. बुडाशी एक छोटा उंचवटा ठेवायचा, घासायचा, आणि त्याच्यावर एकच नेमका फटका, की बुडापासून वर लांब कपची निघते, मग पातं उलटवून परत तेच. चुकलं की पात्याचे दोन तुकडे, आधीची सगळी मेहनत गेली. असे मोडलेले तुकडे त्यांच्या काम करायच्या जागी सापडतात, त्यावरूनच हा क्रम कळलाय.

मग एवढी रिस्क का घ्यायची? काठीत नीट बसावं म्हणून, असं बरीच वर्षं सांगितलं जायचं, पण पन्हळ नसलेलं टोकही काठीला बांधता येतंच की. 2017 मध्ये पुरातत्त्वज्ञ मेटिन एरेन आणि सहकाऱ्यांनी कॉम्प्युटर मॉडेल आणि लॅबमध्ये दाब देऊन टेस्ट केली, तर पन्हळीमुळे पातळ झालेलं बूड थोडं चुरगळून धक्का खातं आणि पुढचं टोक वाचतं असं दिसलं. मला हे पटतं, कारण चांगला दगड कधीकधी शेकडो किलोमीटरवरून आणलेला असायचा, टोक मोडलं की लगेच दुसरं कुठून आणणार? वाचलेलं टोक परत धार लावून वापरायचे, म्हणूनच मूळ लांबीच्या मानाने पार आखूड झालेली टोकंपण सापडतात.

आणि एक, अमेरिकेच्या मोंटाना राज्यात ॲन्झिक इथे 1968 मध्ये दोनेक वर्षांच्या मुलाच्या दफनासोबत शंभरावर हत्यारं मिळाली, दगडाची आणि शिंगाची, सगळी गेरूने माखलेली. एवढ्या कष्टाची हत्यारं त्यांनी त्या लेकरासोबत ठेवली.