पैसे घेऊन केलेला पाहुणचार खरा असतो का?

तुम्ही विचारलंय की पर्यटनात सगळं बिलावर चालतं, मग 'अतिथी देवो भव' म्हणजे नुसती जाहिरातच का. मी नाशिकचा, गिरणारेच्या बाजूला आमच्या द्राक्षबागेत आम्ही पाहुण्यांना खोल्या देतो, त्यामुळे माझं मत जरा धंदेवाईक वाटेल, पण मला पैशाची अडचण वाटतच नाही.

आमच्याकडे तीर्थक्षेत्र असल्यामुळे पाहुणचार आणि पैसा पिढ्यान् पिढ्या एकाच घरात नांदतायत. त्र्यंबकला नारायण नागबलीला गेलात तर तीन दिवसांचा विधी, बरेच लोक गुरुजींकडेच उतरतात, जेवणखाण तिथंच आणि दक्षिणा आधीच बोललेली असते. पण तेच गुरुजी तुमचं गाव आणि आडनाव विचारून आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदींची जुनी वही काढतात आणि नशीब असेल तर त्यात पणजोबांची मोडकी सही निघते, तेव्हा भलेभले गप्प होतात. आता ह्याचा काय रेट लावणार? आणि दुसऱ्या टोकाला गाडगे महाराजांची धर्मशाळा बघा, तिथं कोणी आग्रह करून वाढत नाही, गरिबाला रात्रीपुरतं छप्पर मिळतं, तोही माझ्या मते पाहुणचारच.

मग बिघडतं कुठे? माझा अनुभव असा की यजमानाला किंवा पाहुण्याला 'नाही' म्हणायची सोय राहिली नाही की सगळं नाटक होतं. आमची आई चुलीवर भाकरी करते, पाहुणे व्हिडिओ काढतात, काढू देत. एकदा एक ताई म्हणाल्या, काकू परत थापा ना, नीट आलं नाही, तर आई म्हणे तवा तापलाय बाई, भाकरी थांबत नाही. त्या हसल्या आणि मोबाईल ठेवून पाटावर बसल्या. पण असं बोलायला हिंमत लागते, कारण डोक्यावर ते रेटिंग असतं ना, एक स्टार कमी पडला की पुढचं बुकिंग गेलं, म्हणून कितीतरी घरांत माणसं रात्री अकरालाही हसून चहा टाकतात. बागेतही तसंच, जानेवारी ते मार्च घड तयार असतात, लोकांना हात लावून फोटो हवा असतो, पण मण्यावरचा पांढरा थर पुसला की एक्स्पोर्टचा माल डागाळतो, म्हणून आम्ही एक ओळ वेगळी ठेवलीये, तिथं काय हवं ते करा. उलट बाजूने आपल्या मराठी आग्रहाचाही जाच असतोच, बिचारा पाहुणा ताटावर हात आडवा धरतो तरी वरून पुरणपोळी पडतेच!

फक्त 'नाही' वागण्याला म्हणायचं, माणसाला नाही. वहीसाठी विचारलेलं आडनाव वेगळं, आणि फोनवर आडनाव ऐकून अचानक 'रूम फुल आहे' होतं ते वेगळं. हे नाशिकला नवीन नाही, देशभरातल्या यात्रेकरूंना रामकुंडावर जागा देणाऱ्या ह्याच गावात काळाराम मंदिराच्या दारात आपल्याच दलित माणसांना अडवलं होतं आणि त्यासाठी २ मार्च १९३० ला बाबासाहेबांना सत्याग्रह सुरू करावा लागला. अडवणाऱ्यांच्या घरी आल्यागेल्याला पंगती उठत असतीलच की.

तुम्हाला स्वतःला होमस्टेत राहायचं असेल तर बुकिंगच्या आधी फोन करा, जेवण किती वाजता, घरात कुठपर्यंत वावरता येईल, काय चालत नाही, सगळं मोकळेपणाने विचारा. समोरचा सरळ सांगतोय असं वाटलं तर जा, सगळ्यालाच 'हो हो चालेल' म्हणत असेल तर मी तरी दुसरीकडे बघेन. आणि २०२६-२७ च्या सिंहस्थात येणार असाल तर खोलीचे पैसे आत्ताच ठरवून घ्या, पर्वणीच्या तारखा जवळ आल्यावर इथले भाव आमचे आम्हालाच ओळखू येत नाहीत.