परसातला बदाम नव्हे, बेहडा

प्रश्न : ताई, अक्कलकोट रोडला आमच्या परसात सासऱ्यांच्या वेळचं मोठं झाड आहे. शेजारी त्याला देशी बदाम म्हणतात. फळं सुपारीएवढी, गोलसर. नातवंडं दगडानं फोडून आतला गर खातात. सासूबाई मात्र त्याच्या सावलीत कुणाला बसू देत नाहीत. झाड नक्की कोणतं? याची रोपं शेताच्या बांधावर लावावीत का?

उत्तर : आधी नातवंडांना थांबवा. तुम्ही पाठवलेली फांदी आणि फळं बघितली, हा बेहडा आहे. याचा गर चवीला बरा लागतो, पण मूठभर पोटात गेला की गुंगी येते, मळमळतं.

देशी बदामाचं पान देठाकडे निमुळतं होतं आणि देठ जेमतेम पेरभर. तुमच्या पानाचा देठ चांगला बोटभर आहे. बदामाचं फळ चपटं, कडेला धार असलेलं. तुमच्या फळावर राखाडी लव आहे, अंगठ्यानं चोळली की मखमलीसारखी लागते.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांचं म्हणणं फार जुनं आहे. महाभारतातल्या नळाच्या कथेत कली त्याच्या अंगातून निघून बेहड्यातच शिरतो. मी मात्र वीस वर्षं बेहड्याखालीच बसून रोपांच्या पिशव्या भरते आहे. माघ-फाल्गुनात तो उघडा पडतो, पण ऐन वैशाखात, सोलापूर भाजून निघतं तेव्हा, पुन्हा हिरवागार होतो. त्याच सुमाराला फुलं येतात, त्यांचा वास उग्र असतो. म्हणून खिडकीजवळ लावू नये.

रोपं करायची तर पौष-माघात खाली पडलेली फळं वेचा. साल काढून वाळवा, त्रिफळ्यातला बेहडा तो हाच. बी जपून ठेवा, जूनमध्ये एक दिवस पाण्यात भिजवून पेरा. पिशवी उंच घ्या. याचं सोटमूळ झपाट्यानं खाली जातं. पहिल्या वर्षी मी छोट्या पिशव्या वापरल्या, मुळं तळाशी गुंडाळली गेली आणि लावलेलं एकही रोप जगलं नाही. त्याची हळहळ अजून वाटते.

बांधावर मात्र नको. बेहड्याचा पसारा मोठा, सावलीत ज्वारी पोसत नाही, शेजाऱ्याचंही नुकसान होईल. ओढ्याकाठी जागा असेल तर उत्तम, नाहीतर विहिरीपासून पंचवीस फूट लांब. नुसत्या मुरमात लावायचं असेल तर तीन फूट खोल खड्डा घेऊन पोयटा आणि शेणखत भरा. पहिले तीन उन्हाळे बुडाशी मडकं पुरून पाणी द्या.