मुलाची वाढ कशावर ठरते, रक्तावर की घरच्या वातावरणावर?

'की' काढून टाका, प्रश्न सोपा होतो. आपल्याच भाषांमधलं एक उदाहरण देतो.

'त' आणि 'ट' यांतला फरक आपल्याला इतका ढळढळीत वाटतो की तो कुणाला ऐकूच येत नसेल यावर विश्वास बसत नाही. पण इंग्रजी भाषकांना तो पकडायला फार जड जातो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले हे दोन आवाज ऐकवले. आवाज बदलला की मूल खेळण्याकडे मान वळवतं का, एवढंच पाहायचं. १९८४ साली त्यांनी निष्कर्ष छापले: सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना फरक कळत होता, दहा-बारा महिन्यांच्या मोजक्याच मुलांना. हिंदी घरांतल्या मुलांची ही क्षमता मात्र वर्षाच्या सुमारासही शाबूत होती.

म्हणजे कान सगळ्यांचे सारखेच तयार होऊन येतात, आणि पहिल्या वर्षातच मेंदू घरात ऐकू येणाऱ्या भाषेप्रमाणे छाटणी करू लागतो. छाटणीची क्षमता आणि तिची वेळ जैविक. काय ठेवायचं हे घर ठरवतं. (परदेशात वाढलेल्या भाचरांच्या 'ळ'ला हसताना हे आठवावं. 'चहा' आणि 'चमचा' यांतला 'च' वेगळा, हेही आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.)

आणि हो, नुसता टीव्ही लावून भागत नाही. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांनी मँडरिन चिनी भाषेचे आवाज समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून उचलले, पडद्यावरून नाही.