गीते निवडताना आधी मंडळीचा गळा ओळखा

साताऱ्यातील आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेचे गायन आता तुमच्याकडे आले आहे. जुनी गीते की नवी, या वादात शिरण्यापूर्वी बाकांवर बसलेल्यांना काय गाता येते, हे लक्षपूर्वक ऐका. मराठी कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ साली याच साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. त्यांनी अभंग आणि ओवीच्या घडणीत रचलेली भक्तिगीते पाश्चात्त्य चालींवरील भाषांतरित गीतांच्या शेजारी तेव्हा नवीच होती, आणि आज आपण त्यांनाच परंपरा म्हणतो. म्हणून नव्या गीताला केवळ नवे म्हणून नाकारू नका.

मात्र पट्टीची काळजी घ्या. एकदा मी एक नवे गीत ध्वनिमुद्रणातील उंच पट्टीतच घेतले. दुसऱ्या कडव्यापर्यंत पुढच्या बाकावरील वृद्ध भगिनींनी पुस्तके मिटून मांडीवर ठेवली आणि गाणारे आम्ही माइकजवळचे चौघेच उरलो, याचे मला आजही वाईट वाटते. तेच गीत पुढे दोन स्वर खाली आणले, उपासनेपूर्वी ध्रुवपद दोनदा म्हणवून घेतले आणि सलग तीन रविवार ठेवले, तेव्हा ते मंडळीचे झाले.

एका रविवारी एकच नवे गीत घ्या. अभंगाला पेटी, टाळ आणि भजनी ठेका पुरेसा असतो. तेथे कीबोर्डचा तयार ताल लावू नका, कारण शब्द दबतात. शेवटच्या कडव्याला वाद्ये थांबवा आणि मंडळीचा आवाज कितपत भरतो, ते ऐकून पुढच्या आठवड्याची गीते ठरवा.