वाचकांचे प्रश्न: पर्सिमॉन घ्यावा की अंजीर?

प्रश्न : फळवाल्याकडे टोमॅटोसारखं दिसणारं केशरी पर्सिमॉन मिळालं. घरी कापून खाल्लं तर इतकं तुरट, की तोंड आवळून आलं. फळ खराब होतं का? त्याच पैशात अंजीर घ्यायला हवे होते का? (ठाणे)

फळ खराब नव्हतं, ते अजून पिकलेलं नव्हतं. पर्सिमॉनचे दोन प्रकार असतात. फुयूसारखे वाण चपटे असतात आणि टणक असतानाच सफरचंदासारखे कापून खाता येतात. हचियासारखे वाण लांबट, खाली टोक असलेले. ते पूर्ण मऊ होईपर्यंत तोंडात धरवत नाहीत. पण आकारावर पूर्ण भरवसा ठेवू नका, कारण काही चपटे वाणही तुरट असतात. घेतानाच विचारा, "लगेच खायचं की पिकवून?" आणि घरी आल्यावर आधी एक पातळ काप चाखून बघा.

हा तुरटपणा गरात विरघळलेल्या टॅनिनचा. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि जीभ कोरडी पडते. फळ मऊ होत जातं तसं हे टॅनिन घट्ट बांधलं जातं. ते फळातच राहतं, पण जिभेला जाणवत नाही. आपल्याकडचं टेंभुर्णीचं फळ याच कुळातलं. विदर्भात कच्ची टेंभरं खाल्लेल्यांना ही चव सांगावी लागणार नाही.

उरलेली फळं टाकू नका. कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्याबरोबर किंवा सफरचंदाबरोबर ठेवा आणि पिशवी फ्रिजबाहेर राहू द्या. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे ती साधारण तीन ते सात दिवसांत पिकतात. फळं एकमेकांवर रचू नका. मऊ झाली की खालची फुटतात. साल जवळपास पारदर्शक दिसू लागली आणि फळ पाणी भरल्यासारखं लिबलिबीत लागलं की तयार. वरचा हिरवा देठ काढा आणि चमच्याने गर खा. लोक इथेच घाई करतात: बोटाने थोडं दबलं की कापतात आणि पुन्हा तोंड वाकडं करतात. थांबायचं नसेल तर टणक फळ अख्खं फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवा आणि बाहेर काढून वितळू द्या. तुरटपणा बराचसा जातो, पण गर मऊ पडतो, त्यामुळे काप मिळत नाहीत. टणक फुयू मात्र फ्रिजमध्ये फार दिवस ठेवू नका, थंडीने त्याचा गर जेलीसारखा होतो.

अंजिराचं गणित अगदी उलट आहे. झाडावरून कच्चा उतरवलेला अंजीर घरी ठेवून मऊ होईल, पण गोड होणार नाही. म्हणून पर्सिमॉन टणक घेतलं तरी चालतं, अंजीर मात्र पिकलेलाच घ्यावा. मान किंचित झुकलेली, हाताला मऊ, सालीवर एखादी बारीक चीर, असा अंजीर उत्तम. देठातून पांढरा चीक येत असेल तर तो लवकर तोडलेला आहे. खालच्या डोळ्यातून, म्हणजे बुडाच्या बारीक छिद्रातून, रस गळत असेल आणि आंबूस वास येत असेल तर घेऊ नका, आत आंबायला सुरुवात झालेली असते. घरी आणल्यावर न धुता, एकाच थरात फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

आणि हंगामही वेगळे आहेत. हिमाचलचं, मुख्यतः कुल्लू भागातलं पर्सिमॉन सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये येतं. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या पुरंदरच्या अंजिराचा मिठा बहार थंडी सरताना सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. त्यामुळे एकाऐवजी दुसरं निवडण्याची वेळ फारशी येत नाही; ज्याचा हंगाम, ते घ्या.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. दोन्हींतलं कोणतं बरं? (नाशिक)

100 ग्रॅम ताज्या अंजिरात सुमारे 16 ग्रॅम साखर आणि 3 ग्रॅम तंतू. तेवढ्याच पर्सिमॉनमध्ये सुमारे 12.5 ग्रॅम साखर आणि 3.6 ग्रॅम तंतू. उष्मांक दोन्हींत सत्तरच्या आसपास. फरक खरा पडतो तो आकाराने. मध्यम अंजीर साधारण 50 ग्रॅमचा, पर्सिमॉन 150 ग्रॅमच्या पुढे. अख्खं पर्सिमॉन म्हणजे साखरेच्या हिशेबाने दोन अंजिरांपेक्षा जास्त, म्हणून अर्धंच द्या. सुक्या अंजिरात 100 ग्रॅमला जवळपास 48 ग्रॅम साखर असते, ते ताज्याच्या मापाने देऊ नका. किती चालेल हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

एक काळजी पर्सिमॉनबाबत. पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा मधुमेहामुळे पोट उशिरा रिकामं होत असेल, तर तुरट, कच्चं पर्सिमॉन अजिबात देऊ नका. त्यातल्या टॅनिनमुळे पोटात कडक गोळा बनू शकतो.

प्रश्न : ताज्या अंजिराचं मिल्कशेक फाटलं. पर्सिमॉनचंही असंच होतं का? (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

अंजिराच्या चिकात फायसिन हे विकर (एन्झाइम) असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. अंजीर चिरून दोन-तीन चमचे पाण्यात पाच मिनिटं शिजवा, गार करा, मग दुधात घाला.

पर्सिमॉन शिजवू नका. उष्णतेने गेलेला तुरटपणा परत येऊ शकतो. तुमच्याकडे फुयू सहज मिळतं. ते पूर्ण मऊ झालं की 200 ग्रॅम गर आणि 100 मिली गार सायीचं दूध मिक्सरमधून काढा, वाट्यांत ओता, दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. गरातलं पेक्टिन दुधातल्या कॅल्शियमशी जुळून मिश्रण खिरीसारखं घट्ट बसतं. साखर आणि जिलेटिन लागत नाही. जपानमध्ये असंच करतात. टणक फळाचा गर घेतला तर मात्र बसत नाही.

प्रश्न : अंजिरात किडा असतो, म्हणून तो शाकाहारी नाही असं ऐकलं. खरं का? (सोलापूर)

हा किडा म्हणजे अंजिराचं परागसिंचन करणारी बारीक गांधीलमाशी. पुरंदरच्या पूना अंजिराला फळ धरायला परागसिंचन लागत नाही, त्यामुळे त्यात तिचा संबंध नाही. तुर्कस्तानच्या स्मिर्ना जातीला मात्र तिची गरज असते. बारीकशी मादी फळात शिरते, तिथेच मरते आणि तिचा बराचसा भाग विकराने विरघळतो. परदेशी सुका अंजीर टाळायचा की नाही, हे तुमच्या आचारावर ठरवा. वाण कोणतं, हे विक्रेत्याला विचारा.