बुडालेल्या भाड्याची पूर्ण भरपाई विमा कंपनी नाकारत असेल तर काय करावे?

आगीनंतर घर सात महिने रिकामे राहिले आणि कंपनी तीनच महिन्यांचे भाडे देऊ करते, असे आपण लिहिले आहे. भाडे-नुकसानीची भरपाई सहसा प्रत्यक्ष दुरुस्तीला लागलेल्या काळावर नव्हे, तर वाजवी वेगाने काम झाले असते तर जो काळ लागला असता त्यावर मोजली जाते, आणि बहुतेक वाद इथेच अडतात. म्हणून उरलेले चार महिने कोणामुळे गेले, हे तारीखवार दाखवणे हाच आपला खरा आधार आहे. सर्वेक्षक पाहणीला कधी आला, अंदाजपत्रकाला मंजुरी कधी मिळाली, भरपाईचा पहिला हप्ता कधी जमा झाला, हे एका कागदावर मांडा. कंपनीच्या मंजुरीअभावी काम थांबले असेल, तर तो विलंब आपल्या माथी मारणे मला सरळ अन्यायाचे वाटते. सोबत भाडेकरार, भाडे जमा झाल्याच्या बँकेतील नोंदी आणि कंत्राटदाराचे लेखी वेळापत्रक जोडा. पॉलिसीतील भरपाईची कमाल मुदत मात्र आधी तपासा, कारण तिच्यापलीकडचा दावा टिकत नाही. त्यानंतर कपातीचे कारण पॉलिसीतील नेमक्या कलमासह लेखी मागा. ते पटले नाही, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे जा आणि अंशतः रक्कम स्वीकारताना ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या पावतीवर सही करू नका.