थंडीत हँडल मारताना

प्रश्न : आमच्याकडे फोर्ड मॉडेल टी ही समोरून हँडल फिरवून चालू करायची जुनी गाडी आहे. डिसेंबरात पहाटे हँडल फार जड जातं, आणि इंजिन लागलं की गाडी आपोआप पुढे सरकते. काय करावं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्हीचं मूळ गारठलेल्या ऑइलमध्ये आहे. या गाडीत इंजिन आणि क्लचला ऑइल एकच. ते घट्ट झालं की क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटतात आणि गाडी ओढली जाते. म्हणून आधी मागचं एक चाक जॅकवर उचला, बाकीच्या चाकांना दगड पक्के टेकवा.

हँडब्रेक पूर्ण मागे. स्टिअरिंगखालचा डावा दांडा, म्हणजे स्पार्कचा (पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीची वेळ ठरवणारा), पूर्ण वर; म्हणजे स्पार्क उशिरा पडतो. हे विसरू नका, कारण स्पार्क लवकर पडला तर हँडल उलट फिरून मनगट मोडतं.

स्विच बंद ठेवून रेडिएटरजवळची चोकची (हवा कमी करून पेट्रोल जास्त ओढून घेणारी) तार ओढा आणि हँडल पाव-पाव फेरा तीनदा वर खेचा. मग तार सोडा, स्विच चालू करा, डाव्या हाताने एकच झटका वर. अंगठा बोटांच्याच बाजूला हवा. तरीही लागत नसेल, तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात पेट्रोल आणि हवा नेणाऱ्या नळीला) गुंडाळा. गार पेट्रोलची वाफ नीट होत नसते. पलिता मात्र कधीही नको.